कुर्बेची हरणं : प्लेझिर-फोंतेनच्या ओढ्याकाठी

शेवंती

गेल्या रविवारी आईला घेऊन इथे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात गेले होते. ती तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली आहे. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, म्हणून ठरवलं होतं की सगळं बघायच्या मागे लागायचं नाही. चार-पाच चित्रं बघायची, तीही बसून.

एका मोठ्या चित्रासमोर ती थांबली. म्हणाली, "केवढं गार वाटतंय गं इथे." मला वाटलं एसीबद्दल बोलतेय. पण ती चित्राबद्दलच बोलत होती. पांढरट खडक, त्यांवर शेवाळ, वरून झाडांची दाटी आणि मधून वाहणारं उथळ, स्वच्छ पाणी. आम्ही दोघी दोनेक मिनिटं नुसत्या बघत होतो. मग तिने माझा दंड धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगं, ती बघ. बसलीयेत."

हरणं! मी हे चित्र याआधी निदान चारदा पाहिलंय, त्यामुळे हरणं कुठे आहेत हे मला माहीत होतं. पण आईचा आवाज खाली गेला ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चित्रातल्या हरणांना चाहूल लागू नये म्हणून ती कुजबुजत होती.

चित्र फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कुर्बेचं. 'प्लेझिर-फोंतेनच्या ओढ्याकाठची हरणांची…' आणि पुढच्या शब्दाला मी अडखळते, त्याबद्दल खाली लिहिते. साल १८६६. आकार १७४ बाय २०९ सेंटीमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. इतक्या मोठ्या कॅनव्हासवर हरणं मात्र मोठी नाहीत. ती खडकांच्या आणि बुंध्यांच्या रंगात मिसळून गेली आहेत. आधी जागा दिसते, मग हरणं. माझ्या मते सगळं चित्र या क्रमात आहे.

कुर्बे १८१९ साली ऑर्नां नावाच्या गावी जन्मला. पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडे, फ्रांश-कोंते प्रांतात. चुनखडीचा डोंगराळ मुलुख. पाणी खडकात मुरतं आणि भलतीकडेच झऱ्याच्या रूपाने वर येतं. लू नावाची नदी गावातून वाहते, ब्रेम नावाचा ओढा तिला मिळतो, आणि प्लेझिर-फोंतेन हा त्याच घळीतला एक लहानसा ओढा. कुर्बेचा हा पायाखालचा भाग. त्याच घळीतल्या 'प्वी-न्वार', म्हणजे 'काळी विहीर' नावाच्या सावलीच्या जागेची त्याने कितीतरी चित्रं केली. पॅरिसमध्ये नाव झालं, भांडणं झाली, टीका झाली, तरी तो पुन्हापुन्हा इथे यायचा. चित्रं काढायला यायचा आणि शिकारीलाही.

हो, कुर्बे शिकारी होता. आणि ही हरणं रंगवण्यासाठी त्याने पॅरिसमधल्या शिकारीचं मांस विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून मेलेली हरणं आणून समोर ठेवली होती. मी हे आईला संग्रहालयातच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण ही तर जिवंत आहेत."

मला तुमच्याशी यावरच बोलायचंय. शिकाऱ्याच्या हातून इतकं शांत चित्र कसं झालं? की शिकारी होता म्हणूनच झालं?

आता तो शब्द. मूळ फ्रेंच नावात 'रमीझ' आहे. मी इथे सहा वर्षं राहते आणि रमीझ हा शब्द मला दुकानाच्या काचेवरून माहीत होता : सवलत. शिवाय गाड्या, अवजारं ठेवायच्या पडवीलाही रमीझ म्हणतात. शिकारीच्या भाषेत मात्र जनावर उठवलं की ते पळून ज्या झाडोऱ्यात जाऊन दडतं, विसावतं, ती जागा म्हणजे रमीझ. म्हणजे चित्राच्या नावातच शिकारी उभा आहे, चित्रात तो कुठेही नसला तरी. मराठीत याला काय म्हणावं? निवारा? आसरा? कुणाला नेमका शब्द माहीत असेल तर सांगा.

पानगळ

सुंदर लिहिलंय. फोनवर चित्र शोधून पाहिलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला एकच हरीण दिसलं. मोठं करून पाहिल्यावर बाकीची सापडली. वाचनखूण साठवली आहे.

तांबडफुटी

शेवंतीताई, या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, पण बावीस वर्षं भंडारा-गोंदियाच्या जंगलात फिरतोय, त्यामुळे हरणांपुरतं बोलतो.

चित्रातलं हरीण म्हणजे रो डिअर. फ्रेंचमध्ये त्याला शेव्रय म्हणतात. आपल्याकडच्या चितळाएवढं मोठं ते नसतं. खांद्याशी उंची साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर, वजन २० ते ३० किलो. आकाराने आणि स्वभावाने मला ते आपल्या भेकराच्या जवळचं वाटतं. भेकरासारखंच दाट झाडीत राहणारं, कळप न करता एकट्यादुकट्याने किंवा छोट्या कुटुंबाने फिरणारं. आणि भेकरासारखंच ते भुंकतं! धोका वाटला की कुत्र्यासारखा खरखरीत आवाज काढतं. भेकराचा आवाज ज्याने रात्री जंगलात ऐकलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय.

आता बसण्याविषयी. हरीण हे रवंथ करणारं जनावर. भराभर चरून घ्यायचं आणि मग सुरक्षित जागी बसून ते पुन्हा चघळायचं, हा त्याचा दिवसाचा क्रम. उघड्यावर चरताना ते सतत मान वर करतं, कान फिरवतं. रवंथीला बसतं तेव्हाही कान चालूच असतात, पण अंग सैल सोडलेलं असतं. हे सैल अंग माणसाला बघायला मिळणं फार अवघड. जिप्सीतून दिसणारं चितळ हे आपल्याला बघणारं चितळ असतं. आपण नसताना ते कसं बसतं हे बघायचं असेल तर तासन् तास लपणात बसावं लागतं, वारा तोंडावर घेऊन.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर एका म्हाताऱ्याने. तरुणपणी तो चोरून शिकार करायचा, पुढे सोडली. नाल्याच्या काठाने चालताना तो हात करून थांबवायचा आणि म्हणायचा, "इथं बसते." तिथे काहीच दिसायचं नाही. जवळ गेलं की दाबलेलं गवत, लेंड्या, आणि हात लावला तर कधीकधी जमीन अजून कोमट. कोणती जागा जनावराला आवडेल हे त्याला जागेकडे बघूनच कळायचं. तुमचा कुर्बे तसा माणूस असावा. तुम्ही म्हणता ना, आधी जागा दिसते मग हरणं, तर शिकाऱ्याची नजर याच क्रमाने चालते. आधी जागा, मग जनावर.

शब्दाबद्दल : आमच्याकडे सरळ 'बसण्याची जागा' म्हणतात. फार काव्यमय नाही, पण सगळ्यांना कळतं.

शेवंती

तांबडफुटी, "जमीन अजून कोमट" हे आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

रंगशलाका

धागा कालच पाहिला होता, सवडीने लिहू म्हणून थांबले. मी कलाशिक्षिका आहे. कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या पुस्तकातून कुर्बेच्या ओढ्यांच्या नकला करायचा प्रयत्न केला होता. त्या फसण्यातून जे कळलं ते सांगते.

आम्हाला शिकवलेली रीत म्हणजे पांढऱ्या कॅनव्हासवर हलक्या रंगापासून सुरुवात. त्या पद्धतीने कुर्बेचा खडक होतच नाही. कुर्बे गडद पार्श्वभूमीवर काम करायचा. आधी सगळं काळपट तपकिरी, आणि त्यातून एकेक गोष्ट उजेडात आणायची. तो म्हणायचा की सूर्य नसेल तर निसर्गही काळाच असतो. उजेड जे करतो तेच मी करतो, वर आलेले भाग उजळवतो आणि चित्र होतं. प्वी-न्वारसारख्या घळीत, जिथे दुपारीही ऊन ठिपक्या-ठिपक्यांनीच खाली पोचतं, तिथे चित्र काढणाऱ्या माणसाला हे सुचणं किती साहजिक आहे! त्याची रीत त्या जागेतूनच आली असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट पॅलेट नाइफ. रंग कालवायची ती लवचिक सुरी तो थेट कॅनव्हासवर वापरायचा. जाड रंग पात्यावर घेऊन दाबायचा, ओढायचा, खरवडायचा. कधी फडकं, कधी स्पंज. पातं ओढलं की रंग कुठे सपाट बसतो, कुठे अडतो, कुठे तुटतो, आणि खालचा काळा थर मधूनमधून दिसत राहतो. चुनखडीचा खडक पाण्याने झिजून तसाच होतो, सपाट, खडबडीत, भेगाळलेला. म्हणजे त्याने खडकाचं नुसतं चित्र काढलं नाही, खडक ज्या रीतीने घडतो त्याच्या जवळ जाणारी रीत वापरली. मी नक्कल करताना ब्रशने एकेक भेग काढत बसले होते. तीन दिवसांनी माझा खडक भिंतीला लागलेल्या ओलीसारखा दिसायला लागला. सरांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि सुरी दिली.

हरणांच्या अंगावर मात्र ब्रशचं काम आहे, मऊ, केसांच्या दिशेने जाणारं. खडकावर सुरी आणि अंगावर ब्रश, या फरकामुळे ती जिवंत वाटतात. आईंना जे गार वाटलं ते खडक-पाण्यामुळे, आणि हरणांची जी ऊब जाणवते ती या स्पर्शातल्या फरकामुळे.

मेलेल्या नमुन्याबद्दल : मेलेल्या जनावराकडून केसांचा रंग मिळतो, सांधे कुठे दुमडतात ते मिळतं, खुराचा आकार मिळतो. मान कशी तोललेली असते आणि कान कुठे वळलेला असतो, हे त्याच्याकडून मिळत नाही. ते आठवणीतूनच आणावं लागतं. शेवंती, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. व्यापाऱ्याकडचं हरीण हजार चित्रकारांना मिळालं असतं. ते पुन्हा उठवून बसवायला लागणारी आठवण शिकाऱ्याकडे होती.

जुनी_वही

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिताय, पण मला हे पटत नाही.

ज्याने आयुष्यभर हरणं मारली त्याच्या चित्रातली शांतता मी शांतता म्हणून कशी स्वीकारू? कुर्बेने १८५७ मध्ये पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, 'ला क्युरे' नावाचं चित्र मांडलं होतं. आता ते बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात एक मारलेलं रो डिअर झाडाला टांगलंय, दोन कुत्री समोर आहेत, एक माणूस शिंग फुंकतोय आणि मागे झाडाला टेकून हाताची घडी घालून स्वतः कुर्बे उभा आहे. त्या हरणाचा चेहरा मी विसरू शकत नाही. अमेरिकेतल्या चित्रकारांच्या मंडळाने १८६६ मध्ये ते विकत घेतलं, म्हणजे ज्या साली पॅरिसमध्ये लोक ओढ्याकाठच्या हरणांसमोर भारावून उभे होते त्याच साली.

लगेच पुढच्या वर्षी, १८६७ मध्ये, त्याने 'लालाली द्यु सेर' केलं. बर्फात पडलेला सांबराएवढा नर, त्याच्यावर तुटून पडलेली कुत्र्यांची टोळी, वर चाबूक उगारलेला माणूस. साडेतीन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद! बेझांसोंच्या संग्रहालयात आहे. मग ओढ्याकाठचं चित्र म्हणजे काय? शिकारीच्या आधीचा तास?

त्याच काळात त्याच देशात रोझा बोनरही होती. तिने १८५९ मध्ये फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून बी या गावी वाडा घेतला, स्वतःच्या आवारात हरणं पाळली आणि त्यांना बघून चित्रं काढली. १८६५ मध्ये सम्राज्ञी युजेनीने स्वतः तिच्या घरी येऊन तिला लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मानाचा किताब दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री चित्रकार. कत्तलखान्यात आणि जनावरांच्या बाजारात जाऊन काम करता यावं म्हणून विजार घालायला तिला पोलिसांचा परवाना काढावा लागला होता. जिवंत हरणाच्या डोळ्यात बघून चित्र काढणारी व्यक्ती हवी असेल तर ती ही.

शेवंती

जुनी_वही, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. मलाही 'ला क्युरे'तला हात बांधून उभा असलेला कुर्बे खटकतो.

पण तुम्ही लिहिलंत, "शिकारीच्या आधीचा तास?" मला वाटतं, हो. अगदी तेच. चित्राचं नावच ते सांगतं. रमीझ म्हणजे जिथे जनावर स्वतःला सुरक्षित समजतं ती जागा, आणि ती जागा शिकाऱ्याला माहीत आहे. आपण चित्रासमोर जिथे उभे राहतो तिथे तो उभा होता. फक्त त्याच्या हातात या वेळी बंदूक नाही. आईचा आवाज खाली गेला तो याच जाणिवेने, असं मला आता वाटतंय. आपण बघतोय आणि त्यांना कळलेलं नाही, याची एक भीती आणि एक जबाबदारी तिच्या कुजबुजण्यात होती. पाळलेल्या हरणाच्या चित्रासमोर ती कुजबुजली नसती.

रोझा बोनरबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे. तिचं 'जंगलाचा राजा' हे १८७८ चं चित्र बघा, नर समोरासमोर उभा राहून सरळ आपल्याकडे पाहतोय. तिथे हरणाला आपण आहोत हे माहीत आहे. कुर्बेच्या ओढ्याकाठी ते माहीत नाही. दोन अगदी वेगळी नाती आहेत ही, आणि मला दोन्ही हवीत.

ओलीमाती

झोलाने या चित्राबद्दल काय लिहिलं होतं ते सांगायला हवं. १८६६ च्या सालोंवर एमिल झोला या फ्रेंच लेखकाने लेखमाला लिहिली होती, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. कुर्बेचं हे चित्र आणि 'पोपटासह स्त्री' हे दुसरं, दोन्ही तिथे गाजली. वर्षानुवर्षं कुर्बेला शिव्या देणारी गर्दी अचानक खूश झाली. झोला मात्र नाराज. त्याचं म्हणणं होतं की कुर्बेने या वर्षी नख्या आत घेतल्या, मांजराचा मखमली पंजा पुढे केला, म्हणून लोक मोहित झाले.

मला झोलाचं म्हणणं समजतं. 'ऑर्नांमधलं दफन' काढणारा माणूस, सामान्य शेतकऱ्यांना राजांच्या आकारात रंगवणारा, तो आता सुंदर हरणं दाखवतोय हे त्याला माघार घेतल्यासारखं वाटलं असणार. पण झोला शहरात बसून लिहीत होता. तांबडफुटींनी वर लिहिलेलं वाचल्यावर मला वाटतं की नख्या आत घेतलेलं जनावर हे झोपलेलं जनावर नव्हे.

पानगळ

ओलीमाती, शेवटचं वाक्य फार आवडलं.

तांबडफुटी

जुनी_वहींच्या प्रतिसादामुळे कुर्बेची बाकीची हरणंही शोधून पाहिली. एक जंगली माणूस म्हणून एक चूक सापडली, ती इथे नोंदवून ठेवतो.

१८६१ चं त्याचं प्रचंड चित्र आहे, दोन नर लढताहेत, तिसरा जखमी होऊन मान वर करून ओरडतोय. तेही ऑर्सेमध्येच आहे, ३५५ बाय ५०७ सेंटीमीटर. ही रेड डिअर, म्हणजे मोठी हरणं, आपल्या काश्मीरच्या हंगुलाच्या जवळच्या नात्यातली. चित्राचं नाव 'वसंतातला माज'. पण रेड डिअर माजावर येतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये! वसंतात नरांची शिंगं गळून पडलेली असतात किंवा नवी फुटत असतात, कोवळी, रक्ताने भरलेली, वरून लवदार कातडीने झाकलेली. अशा शिंगांनी कुणी लढत नाही. जरा आपटलं तरी रक्त येतं आणि वेदना होतात.

(मृगकुलातल्या हरणांची शिंगं दरवर्षी झडतात आणि नवी येतात. काळविटाची झडत नाहीत, कारण ते हरीणच नव्हे, कुरंगवर्गातलं, म्हणजे अँटिलोप. आपण मराठीत दोन्हीला सरसकट हरीण म्हणतो म्हणून सांगितलं.)

कुर्बे १८५८-५९ च्या हिवाळ्यात फ्रँकफुर्टला होता, तिथल्या जंगलात त्याने शिकारही केली, मोठा नर मारला. नरांच्या झुंजी जर्मनीतल्या राखीव जंगलांत बघितल्याचं तो सांगत असे. बघितल्या असतीलही. पण गावच्या रो डिअरवर त्याची जी पकड आहे ती या मोठ्या नरांवर मला दिसत नाही. एक परदेशातलं, दोन-चारदा पाहिलेलं जनावर. दुसरं लहानपणापासून रोजचं.

आणि रो डिअरचं स्वतःचं वेळापत्रक तर फारच अजब आहे. ते माजावर येतं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे इतक्या लहान जनावराची पाडसं हिवाळ्याच्या तोंडावर जन्मायला हवीत. पण तसं होत नाही. गर्भ मादीच्या पोटात चार-पाच महिने वाढायचा थांबून राहतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पुढे वाढायला लागतो. पाडसं होतात मे-जूनमध्ये, बहुतेक वेळा जुळी, हिरवा पाला भरपूर असताना. ओढ्याकाठच्या त्या दाट हिरव्या सावलीत बसलेल्या मादीकडे बघताना मला हेच आठवत होतं.

करवंद

थोडं अवांतर, पण जोडलेलं.

फ्रान्समध्ये शिकार हा सरदार-उमरावांचा राखीव हक्क होता. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात उमरावाची हरणं शिरली तरी त्याला ती मारता येत नव्हती. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, क्रांतीच्या पहिल्या लाटेत, हा हक्क रद्द झाला. पुढे १८४४ च्या कायद्याने शिकारीचा परवाना आला. म्हणजे कुर्बेसारख्या जमीनदार शेतकऱ्याच्या मुलाने खांद्यावर बंदूक टाकून रानात जाणं, यात त्याच्या आजोबांच्या पिढीने मिळवलेली एक मोकळीक होती. त्याआधीची शिकारचित्रं बघा, राजाची कुत्री, राजाचे घोडे, राजाचं हरीण. कुर्बेच्या ओढ्याकाठी कुणाचीच मालकी दिसत नाही. जुनी_वहींचा मुद्दा याने खोटा ठरत नाही, पण त्याच्या शिकारीकडे बघताना हे माहीत असलेलं बरं.

आणि त्याच काळात फोंतेनब्लोच्या जंगलासाठी चित्रकार भांडत होते. तेओदोर रूसो आणि बार्बिझों गावात राहून काम करणारे त्याचे मित्र जुने ओक तोडू नका म्हणून सरकारच्या मागे लागले होते. १८६१ मध्ये सम्राटाच्या हुकमाने १,०९७ हेक्टर जंगल तोडीपासून राखून ठेवलं गेलं. चित्रकारांना हवं म्हणून राखलेलं जंगल! अमेरिकेतलं यलोस्टोन त्यानंतर ११ वर्षांनी राष्ट्रीय उद्यान झालं.

कुर्बेचा शेवट मात्र वाचवत नाही. १८७१ मध्ये पॅरिसच्या लोकांनी उठाव करून स्वतःचं सरकार स्थापलं, त्या पॅरिस कम्यूनमध्ये तो सामील झाला. वांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला गेला, त्याचा ठपका त्याच्यावर आला. सहा महिने तुरुंग, आणि पुढे स्तंभ पुन्हा उभारायचा सगळा खर्च त्याच्या माथी : ३,२३,०९१ फ्रँक. १८७३ मध्ये तो सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला गेला. वर्षाला १०,००० फ्रँकचे हप्ते ठरले होते, पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ रोजी, तो वारला. ऑर्नां तिथून फार लांब नव्हतं. त्याला परत जाता आलं नाही.

जुनी_वही

करवंद, हे माहीत नव्हतं. त्या हप्त्यांबद्दल वाचून वाईट वाटलं.

माझा मुद्दा मी मागे घेत नाही. पण काल रात्री लियोंच्या संग्रहालयातलं त्याचं त्याच सुमाराचं हिवाळ्यातलं चित्र पाहिलं. तीच रो डिअर, पण बर्फ, उघडी झाडं, आडोसा असा काहीच नाही. ओढ्याकाठची सावली किती मोलाची आहे हे ते चित्र बघून कळलं. मारणाऱ्यालाही थंडीतल्या जनावराची काळजी वाटू शकते का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तांबडफुटी

माझ्या म्हाताऱ्याला वाटायची. शिकार सोडल्यावर नव्हे, करत असतानाही. गाभण मादी त्याने कधी मारली नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर कधी बसला नाही. "पाण्याला आलेल्याला मारू नये," म्हणायचा. मी त्याचं समर्थन करत नाही, जे पाहिलं ते सांगतोय.

दवबिंदू

मी स्वित्झर्लंडमध्ये राहते. हा धागा वाचून दोन वर्षांपूर्वीची ऑर्नांची सहल आठवली, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितेय.

लू नदीवर अक्षरशः झुकलेली घरं आहेत, पायथे पाण्यात. कुर्बेचं संग्रहालय नदीकाठच्याच एका जुन्या घरात आहे. आम्ही गेलो ते ब्रेमच्या घळीत. जूनचा महिना, वर रस्त्यावर कडक ऊन. खाली उतरताना शंभरेक पावलांत हवा बदलली. आधी हातांना गार लागलं, मग ओल्या दगडाचा वास आला. खडकाला हात लावला तर तळव्याला ओलसर पांढरं पीठ लागलं. पाणी इतकं नितळ की खोली कळत नाही. माझ्या मुलाने घोट्याएवढं समजून पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत भिजला. ऊन पानांमधून गळून खाली येत होतं, खडकावर एखादाच ठिपका, बाकी सगळं हिरवट काळं. रंगशलाकांनी गडद थरातून उजेड काढण्याबद्दल लिहिलंय ते वाचून वाटलं, तिथे उभं राहिलं की डोळ्यांचंही तसंच होतं. आधी काळोख, मग एकेक गोष्ट.

हरीण दिसलं नाही. पण परत चढताना पलीकडच्या उतारावरून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला, तीनदा. माझा नवरा म्हणाला, कुणाचं तरी कुत्रं असेल. आसपास घर नव्हतं. आज तांबडफुटींचा प्रतिसाद वाचून त्याला दाखवला.

तांबडफुटी

तीनदा, थांबून थांबून, खरखरीत? तर मग तेच! तुम्ही त्याला दिसला होतात.

रंगशलाका

दवबिंदू, "पांढरं पीठ" वाचून आज वर्गात मुलांना गडद कागद आणि पांढरा खडू दिला. पेन्सिल नाही. काळ्यातून खडक काढा म्हटलं. एका मुलीने खडक काढला आणि खाली कोपऱ्यात दोन कान काढून ठेवले. हरीण कुठाय विचारलं तर म्हणाली, "ते मागे बसलंय."

शेवंती

काल रात्री सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. करवंदांचं वाचून झाल्यावर तिने चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तो ओढा त्याला पुन्हा दिसलाच नाही?"

नावासाठी तिने शब्द दिलाय : विसावा. 'प्लेझिर-फोंतेनच्या ओढ्याकाठी हरणांचा विसावा.' मी म्हटलं, यात शिकारी येत नाही. तर म्हणाली, विसावा म्हणजे थोडाच वेळ असतो, पुढे उठायचं असतंच. तांबडफुटींची 'बसण्याची जागा' आणि आईचा 'विसावा' यांत माझं अजून ठरत नाहीये. तुम्हाला काय वाटतं लिहा.

पुढच्या गुरुवारी पुन्हा जातोय. गुरुवारी संग्रहालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि गर्दी कमी असते. समोरचा बाक मिळाला तर तासभर तिथेच बसणार आहोत.